शालिकरामची कुबडी

त्या हिवाळ्यात पिपरटोल्यात सुतारपक्षी इतके आले, की कुठलं लाकूड जिवंत आणि कुठलं मेलेलं हे ठरवायचं काम नगरपंचायतीनं त्यांच्याकडेच सोपवलं. पद्धत सोपी होती. पक्षी लाकडावर बसायचा, मान तिरकी करून ऐकायचा. चोच मारली तर लाकूड मेलेलं. न मारता उडून गेला तर जिवंत. आणि जिवंत लाकूड वापरणं बरं दिसत नाही, म्हणून ते सूर्य मावळायच्या आत जमिनीत लावायचं.

पौष लागेपर्यंत गावातले पलंग, पाट, कपाटं, दारं, सगळी मेलेली निघाली. लोकांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. अंदाज आधीपासून होताच. संध्याकाळी ठकठक थांबली की घराघरांतून भुसा झाडल्याचा आवाज यायचा.

शालिकराम बिसेन बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करायचा. आरागिरणीत उजवा पाय गेल्यापासून सागाची एक कुबडी त्याच्या बगलेत असे. एका सकाळी लाल तुऱ्याचा सुतारपक्षी तिच्यावर बुडापासून वरपर्यंत चढला, बराच वेळ ऐकत राहिला आणि चोच न मारता उडून गेला.

दुपारी नगरपंचायतीचे उरकुडेबाबू आले.

"अभिनंदन, शालिकभाऊ. गावात हे पहिलंच."

"अभिनंदन ठेवा तिकडं. ही लावली तर मी चालू कसा?"

"दुसरी करून घ्या."

"बिनभोकाचं लाकूड दाखवा मले गावात. काल बसलो तर स्टूल मोडलं."

बाबूंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. नव्हतं.

"मग लोखंडाची घेतो."

"लोखंडाबद्दल अजून निर्णय नाही. पक्षी त्याच्याकडे बघायलाच तयार नाहीत. तोवर परवानगी देता येत नाही."

शालिकरामनं कुबडीचं बूड जमिनीवर टेकवून पाहिलं. "म्हणजे कुबडी जिथं लावीन, तिथंच मी राहीन."

"तसा नियम नाही," बाबू म्हणाले, "पण होईल तसंच. जागा मात्र तुम्ही निवडायची."

बाबू गेल्यावर त्यानं दुकानासमोरची जमीन पाहिली. मग खोलीमागची. दोन्हीकडे माती चांगली होती. त्या खोलीत तो एकटाच राहत होता आणि तसंच राहायचं त्यानं ठरवलं होतं. पाय गेला तेव्हापासून थोरली बहीण देवकाबाई त्याला आपल्याकडे राहायला बोलावत होती. भावानं बहिणीकडं जेवायला जावं, राहायला जाऊ नये, असं तो दरवेळी म्हणे. आणि आपण कुणावर भार नाही, हे स्वतःला सांगत कुबडी टेकत परत येई.

ऊन उतरायला लागलं तसा तो उठला. दुकानाला कुलूप लावलं. तळ्याच्या काठानं चालत, मध्ये तीनचारदा थांबत, तो देवकाबाईच्या अंगणात पोचला.

ती तांदूळ निवडत होती. "काहून रे? आज का भाऊबीज आहे?"

"बाई, कुबडी जिवंत निघाली. तुझ्या अंगणात लावू का?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. "इतकी वर्षं बोलावते, तर तुले लाज वाटे. आता कुबडीले जागा पाहिजे म्हणून आला."

"तिच्यासंगं मी बी आलो न."

"दिसते मले. आंधळी नाही झाली मी." तो कोपऱ्याकडं वळला तशी ती ओरडली, "तिकडं नको, सांडपाणी जाते तिकडून. इथं लाव, उन्हात."

खड्डा तिनंच खणला. शालिकरामनं कुबडी बगलेतून काढून तिच्या हातात दिली आणि भिंतीला हात टेकून एका पायावर उभा राहिला. तिनं कुबडी उभी केली, माती लोटली, टाचेनं दाबली. मग आतून पाण्याचा गडवा आणला. अर्धं पाणी कुबडीच्या बुडाशी ओतलं आणि काही न विचारता उरलेलं त्याच्या पायावर.

"गार आहे," तो म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली. "हलू नको."