महादेवरावांची फास्ट लाइन

धाडमध्ये कोणी मोबाइलकडं बघून एकटंच हसत असलं, तर ते माझ्यामुळं! ही फुशारकी नाही, वस्तुस्थिती आहे. बाजारापासून एसटी स्टँडपर्यंत विजेच्या खांबांवरून जी काळी वायर कावळ्यांना झोके देत गेली आहे, ती माझी. आधी तिच्यातून मी लोकांच्या घरात मालिका सोडत होतो, पुढं इंटरनेट सोडायला लागलो. गावात दुसरा नेटवाला नव्हता. त्यामुळं माझं नेट फार वेगवान होतं. शर्यतीत एकच बैल असला की तो पहिलाच येतो!

आणि मग रज्जाकनं बोर्ड लावला. 'आर. के. ब्रॉडबँड. सुसाट नेट.'

रज्जाकचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान माझ्या दुकानासमोरच. रोजचा चहा आम्ही अर्धा-अर्धा प्यायचो. मी तसाच रस्ता ओलांडून गेलो.

"काय बे रज्जाक, हे काय लावलं?"

"काम्पिटिशन, प्रसेनजित भाऊ!" तो एका मोबाइलचं पोट फाडत म्हणाला. "त्याच्यानं गिऱ्हाइकाचा फायदा होते. पेपरात लिहून येते ना."

"लाइन कुठून आणली?"

"वरून," असं म्हणून त्यानं स्क्रू-ड्रायव्हर छताकडं केला.

वरून म्हणजे औरंगाबादहून की अल्लाकडून, ते काही कळलं नाही. पण लोक पटापट तिकडं सरकू लागले. आमच्या शेजारच्या जनकाबाईनंसुद्धा माझी वायर काढून टाकली आणि तिच्यावर पापड वाळत घातले!

मी ठरवलं, रज्जाकला असा धडा शिकवायचा की त्यानं बोर्ड उतरवून त्याचं स्टूल करावं.

गावात महादेवराव म्हणून कृषी केंद्राचे मालक आहेत. त्यांनी स्वतःच एक टॉनिक काढलं होतं, 'हरितसम्राट'. कपाशीवर मारलं की झाड वाढतं, असा त्यांचा दावा. त्याच्या जाहिरातीचा व्हिडिओही त्यांनी केला होता. डोक्याला फेटा, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात बाटली, आणि आवाज असा की समोरच्या शेतातले पोपट उडून जाताना व्हिडिओत दिसतात. "नमस्कार, शेतकरी बंधूंनो!" इथून सुरुवात. तो व्हिडिओ जगात कोणीच पाहत नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, "महादेवराव, मी 'शेतकरी पॅक' काढतो. रज्जाकपेक्षा स्वस्त. व्हॉट्सअॅप आणि तुमचा व्हिडिओ एकदम फास्ट. बाकी सगळं बैलगाडीच्या चालीनं. माझा तोटा तुम्ही भरा."

"लोक मले पाह्यतीन?" महादेवरावांनी फेटा सारखा केला.

"दुसरं काही दिसलंच नाही, तर काय करतीन?"

त्यांना योजना पटली. ती पटली नाही फक्त आमच्या घरात. माझी बायको मंजुश्री जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि रोजचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते. ही सवय संसाराला चांगली नाही.

"अहो, ह्याच्यावरच तर दिल्लीत केवढा वाद चालू आहे," ती म्हणाली. "नेटवाल्यानं सगळ्यांना सारखं वागवलं पाहिजे. वेगळे दर लावायची तर मनाईच झाली."

"मी दर कुठं वेगळा लावतो? मी वेग वेगळा लावून राह्यलो!"

"एकच झालं! उद्या एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, कोणाच्या घरी चालले? महादेवरावांच्या? बसा सीटवर! दुसरीकडं? लटका मागं! मग चालेल का?"

"कंडक्टरले महादेवरावांनी पैसे देल्ले असतीन, तर चालंल."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं ती बेरजेत हातचा विसरणाऱ्या मुलाकडं पाहते. मी मात्र कामाला लागलो. महादेवरावांचा व्हिडिओ दुकानातल्या कॉम्प्युटरवर चढवला. मला नेट पुरवणाऱ्या औरंगाबादच्या वरच्या कंपनीतल्या इंजिनिअरला फोन लावून, तो सांगेल ती बटणं दाबत बाकी नेट आवळलं. तेवढ्यात मला एक सुंदर कल्पना सुचली. नेट अडकलं की पडद्यावर गोल चक्र फिरत बसतं आणि ते पाहून गिऱ्हाईक चिडतं. चक्राऐवजी काहीतरी हलतंबोलतं दिसलं तर? मी अशी व्यवस्था केली, की जे उघडायला उशीर होईल त्याच्या जागी आपोआप महादेवरावांचा व्हिडिओ लागेल!

स्वस्त म्हटल्यावर काय हो, शेतकरी पॅक गरम जिलेबीसारखा खपला. जनकाबाईनं पापड काढले.

चार दिवसांनी आमच्याकडं रांग लागली. पहिले आले शंकरराव. गावात त्यांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, सगळ्यात देखणी. माणूस मोजकं बोलणारा.

"प्रसेनजित, मी भजन लावलं का महादेव येते."

"महादेवाचं भजन असंल, काका."

"थो महादेव नाही बे! हा आपला, काळ्या चष्म्याचा!"

मागून एक जण ओरडला, "मॅचमध्ये शेवटची ओव्हर सुरू झाली, न् महादेवराव बाटली घेऊन आले!" एका मुलीला पाहुण्यांनी व्हिडिओ कॉलवर बघायचं ठरवलं होतं. त्यांना दिसले महादेवराव. पाहुण्यांनी मुलीच्या वडिलांचा रुबाब पसंत केला म्हणे! खुद्द महादेवरावांची बायको अन्नपूर्णाबाई दुकानात येऊन गरजली, "गावातल्या बायका मले म्हणतात, तुहा नवरा रात्रंदिवस आमच्या घरी असते! मी काय समजू?"

संध्याकाळी महादेवरावच घामाघूम होऊन आले. "अरे, औषधाची ऑर्डर द्यायची तर कंपनीचं पान उघडत नाही. मी मलेच दिसून राह्यलो!"

"प्रसिद्धीची किंमत असते, महादेवराव," मी म्हणालो. रज्जाकच्या दुकानात काय चाललंय, तिकडं माझं लक्ष नव्हतं. त्याच्या गिऱ्हाइकांशी मी तत्त्व म्हणून बोलतच नसे.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग बोंडअळी आली.

बीटी कपाशीला अळी लागत नाही, असं आम्हा सगळ्यांना बियाण्याच्या पिशवीबरोबरच सांगितलं गेलं होतं. शंकररावांनी एक दिवस माझ्या टेबलावर हिरवंगार बोंड ठेवलं आणि अंगठ्यानं फोडलं. आत सरकी खाऊन गुबगुबीत झालेली गुलाबी अळी. तिनं डोकं वर करून माझ्याकडं पाहिलं.

"वरून काहीच दिसत नाही," शंकरराव म्हणाले. "अंदरून पोकळ. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा व्हिडिओ हाय म्हणे, काय करा लागते त्याचा. मी सकाळपासून लावून राह्यलो. तर हा येते न् सांगते, झाड वाढवा. झाड माह्या डोक्याच्या वर गेलं बे! त्याचं मी काय करू, झोका बांधू?"

मला प्रथमच जरा कसंतरी झालं. लोकांना वाटत होतं, नेटवर सरकार हेच दाखवतंय, म्हणजे इलाज हाच असणार. 'हरितसम्राट' मारमारून पऱ्हाटी इतकी उंच झाली होती की निंदायला गेलेल्या बायका एकमेकींना हाका मारत बाहेर येत होत्या. अळीला तर उंच बंगलाच मिळाला!

त्याच आठवड्यात मंजुश्रीला बदलीसाठी शाळांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा होता. तिनं सगळं भरलं, देवाचं नाव न घेता बुद्धाचं घेतलं आणि शेवटचं बटण दाबलं.

"नमस्कार, शेतकरी बंधूंनो!"

तिनं शांतपणे पर्स उचलली आणि बुलढाण्याच्या एसटीत बसली. बायको बोलली नाही की समजावं, आता आपलं काही खरं नाही.

त्याच दिवशी ग्रामपंचायतीत कृषी खात्याचे साहेब येणार होते. बोंडअळीवरचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवणार आणि नेट माझं! मी ठरवलं, आता पुरे. इंजिनिअरला फोन लावला, तर तो स्वतःच्या लग्नाच्या हळदीत बसलेला. मीच कॉम्प्युटर उघडला. दोन ठिकाणी बरोबरच्या खुणा होत्या. एक नेट आवळायची, दुसरी महादेवरावांना बोलवायची. महादेवरावांची खूण मी मोठ्या समाधानानं काढली.

ग्रामपंचायतीचं सभागृह खच्चून भरलं. बाहेर खिडक्यांनाही माणसं लटकलेली. पहिल्या रांगेत महादेवराव. साहेबांनी बटण दाबलं.

"नमस्कार, शेतकरी बंधूंनो!"

भिंतीएवढे महादेवराव! चष्माच मुळी दारापेक्षा मोठा! खऱ्या महादेवरावांनी फेटा काढून मांडीखाली घातला, पण मिशा कुठं लपवणार? साहेबांनी दुसरं काहीतरी उघडलं. महादेवराव. सरकारी पान उघडलं. महादेवराव. महादेवरावांची म्हणून मी काढलेली खूण 'उशीर झाला तरच' ह्या अटीची निघाली. आता उशीर बिशीर काही नाही, जे लावाल तिथं थेट महादेवराव!

"बंद कर बे ते!" मागून कोणीतरी ओरडलं. "इथी पऱ्हाटी जळून राह्यली, न् तुमची जाहिरातबाजी!"

"रज्जाकची लाइन लावा!" दुसरा म्हणाला. "गावात काम्पिटिशन हाय ना आता!"

सगळ्यांच्या माना रज्जाककडं वळल्या. तो दाराच्या दिशेनं सरकत होता.

"माझी लाइन ना... आज जरा मेंटेनन्स चालू हाय," तो म्हणाला.

"लाव बे!"

लोकांनी त्याला हाताला धरून पुढं आणलं. त्यानं आपली वायर जोडली. मी मनातल्या मनात म्हटलं, चालू दे बाबा, माझी हार झाली तरी चालेल, पण शंकररावांना तो व्हिडिओ दिसू दे.

"नमस्कार, शेतकरी बंधूंनो!"

मी रज्जाककडं पाहिलं. रज्जाकनं छताच्या पंख्याकडं पाहिलं.

"रज्जाक," मी म्हणालो, "हा व्हिडिओ असा आपोआप फक्त माह्या कॉम्प्युटरवरून लागते. तुह्या लाइनीत कसा आला?"

"भाऊ..." तो पंख्यालाच म्हणाला. "माह्या बायकोच्या, खुर्शीदाच्या नावानं तुमचं कनेक्शन हाय ना घरी. त्याच्यातूनच पुढं वायरी काढल्या मी. लोकांच्या तक्रारी आल्या, तर मी सांगतलं, हे दिल्लीवरूनच येऊन राह्यलं."

म्हणजे गावात दोन कंपन्या नव्हत्याच! मी इतके दिवस माझ्याच गिऱ्हाइकाशी स्पर्धा करत होतो, आणि हरतही होतो!

कोणी मला मारायला उठलं असतं, तर मी समजू शकलो असतो. शंकरराव उठलेही. पण तेवढ्यात दारातून मंजुश्री आत आली. चेहऱ्यावर एसटीची धूळ. तिनं साहेबांच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला.

"फॉर्म भरायला बुलढाण्याला गेले होते, तर विद्यापीठाचा व्हिडिओही घेऊन आले," ती म्हणाली. "म्हटलं, आपल्याकडं पाहुणे येणार आणि नेट तर आपलंच आहे."

लोकांनी माना उंच करून व्हिडिओ पाहिला. कामगंध सापळे कसे लावायचे म्हणजे त्या वासाला फसून नर पतंग अडकतात, डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, कशा ओळखायच्या, तोडून कुठं टाकायच्या. शंकररावांनी तो दोनदा लावायला लावला आणि साहेबांना इतके प्रश्न विचारले की साहेबांचा चहा गार झाला.

मी सांगत नाही की त्यानं गाव वाचलं. बोंडअळी काही माझ्या नेटनं आली नव्हती आणि पेन ड्राइव्हनं गेलीही नाही. कित्येकांनी उभ्या पऱ्हाटीत नांगर घातला. शंकररावांना अर्ध्या शेतात तरी वेचणी करता आली. बाकीच्या अर्ध्याबद्दल ते बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. महादेवरावांनी उरलेल्या बाटल्या आपल्याच कडुनिंबाला घातल्या.

हळद धुऊन इंजिनिअर मोकळा झाल्यावर मी नेटचं आवळणं आणि महादेवराव, दोन्ही काढून घेतले. रज्जाकला म्हटलं, चोरून कायले करतो, रीतसर ये. आता बोर्डावर दोघांचीही नावं आहेत, आणि नेट सगळ्यांना सारखंच हळू आहे.

मंजुश्रीच्या बदलीचा आदेश आला. घाटाखाली, पार वडनेर भोलजी. मी हादरलोच!

"अन्याय हाय हा!" मी म्हणालो. "बुलढाण्याले जाऊ, साहेबांना भेटू!"

"कशाला? मीच पहिली पसंती दिली होती."

"काऊन पण?"

"तिथं खोली बघितली मी," ती साड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "दोन नेटवाले आहेत. खरेखुरे, वेगवेगळे."

दर शनिवारी मी दोन एसट्या बदलून वडनेरला जातो. तिथल्या केबलवाल्याचं बिल माझ्या नावानं येतं. वेळेवर भरतो. कोणाला सांगू नका, पण भजन, मॅच, मालिका, मी सगळं तिथंच पाहून येतो!