आडव्या खांबांची मोहीम

वाचनगृहाची संध्याकाळ कैसी राखिली, हे पुढिलांस कळावे आणि मागाहून कोणी श्रेय लाटू नये, याकरितां डोळां देखिले ते साद्यंत लिहितो. अक्षर फिके वाटल्यास दोष प्रिंटरास द्यावा.

मुख्य कचेरीचे गादीवर श्रीमंत अखंडसभाप्रिय संचालक महाराज विराजमान होते. त्यांचा दंडक ऐसा की, प्रत्येक तक्त्याचे माथां संस्थेचे राजचिन्ह अर्धे पान व्यापून असावे. मग आलेखाचे उभे खांब उरल्या जागेत मावेनात, आणि म्हणोन आलेखनवीस त्यांचे पाय कापून वरचे शेंडे तेवढे दाखवीत, आणि हा रिवाज बेलाशक चालिला होता.

यंदा संध्याकाळचे वाचक हजारावरून नऊशे सत्तरांवर आले. आलेखनवीसांनी खांब शून्याऐवजी नऊशे साठांपासून उभे केले, आणि जाहले काय, की गेल्या सालचा खांब ताडमाड आणि यंदाचा त्याच्या चौथाई! महाराजांनी तो पाहून आकांत मांडिला आणि फर्मान सोडिले की, वाचक परागंदा जाहले, सबब वाचनगृहास संध्याकाळी कुलूप घालावे. शिक्कामोर्तब सभेत होईल.

ही खबर ऐकोन ग्रंथपालबाई बहुत कष्टी जाहल्या. किंनिमित्त, रोज संध्याकाळी खिडकीपाशी एक परिचारिका परीक्षेचा अभ्यास करी, आणि तिच्या घरी माणसांची दाटी इतकी की पुस्तक उघडावयास कोपरा नव्हता. मग बाई कंबर कसून आलेखनवीसांवर चालून गेल्या. आलेखनवीस म्हणजे बाईंचे सख्खे धाकटे दीर, त्यामुळे लढाईस घरचे स्वरूप आले.

"भाऊजी, या खांबांचे पाय कुठे गेले?"

"जागाच नाही वहिनी! चिन्हाला हात लावला तर साहेब मला उभा सोलतील."

"मग खांब आडवे पाडा की. रुंदीला पान मोकळंच आहे ना?"

भाऊजींनी तात्काळ पट्टी लावून पानाची रुंदी मोजिली. मग त्यांनी सावल्या, चकाकी आणि सप्तरंग ही आपली लाडकी फौज वाचविण्याची शिकस्त केली, आणि बाईंनी ती एकेक करून छाटिली. अखेर शून्यापासून निघालेले दोन साधे निळे खांब पानावर आडवे जाहले. चिन्हास ओरखडाही आला नाही.

सभेत महाराजांनी चष्मा चढवून तक्ता न्याहाळिला.

"दोन्ही जवळजवळ सारखेच आहेत की! मग ही सभा बोलावली कुणी?"

फर्मान रद्द जाहले, आणि चिन्ह झकास दिसते म्हणोन आलेखनवीसांस शाबासकी मिळाली. बाईंचे नाव कोणी काढिले नाही, याचा आम्हांस अद्यापि संताप येतो.

त्याच संध्याकाळी परिचारिका आली, आपल्या खुर्चीवर बसली आणि पुस्तक उघडून म्हणाली, "बाई, पंखा जरा वाढवता का?"

बाईंनी वाढविला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. नौबत झडली नाही. पंखा तेवढा कुरकुरला, ऐसे नमूद असे.