शरयूकाकू आणि साहेबांची गाडी

शरयूकाकूंना कुणी "गाडी छान आहे हो तुमची" असं म्हणू नये. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याची पुढची पंचवीस मिनिटं गेलीच म्हणून समजा. काकू हातातली पिशवी खाली ठेवतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि सुरू करतात, "युद्ध संपलं होतं. लोकांकडे लोखंड नव्हतं, पेट्रोल नव्हतं, पण पोरंबाळं होती."

टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँड गावात दर दुसऱ्या घरासमोर पिकअप ट्रक उभा असतो, आणि त्याच्या बॉनेटवर हात टेकायला मला टाचा उंच कराव्या लागतात. अशा गावात शरयूकाकू लिमलेटच्या गोळीसारखी एक फिक्कट पिवळी, जुनी इटालियन गाडी चालवतात. नाव चिंक्वेचेंतो, म्हणजे इटालियनमध्ये नुसतं 'पाचशे'. लांबी तीन मीटरसुद्धा नाही. छप्पर कापडाचं, इंजिन मागे, आणि एसी विचारूच नका. ह्यूस्टनकडच्या ऑगस्टात माणसं गॅरेजमधून थेट एसीत बसून थेट दुसऱ्या गॅरेजमध्ये उतरतात. काकू मानेवर ओला नॅपकिन टाकतात, छप्पर मागे गुंडाळतात आणि कोथिंबीर आणायला निघतात.

मी नागपूरचा, पाइपलाइनच्या कंपनीत इंजिनिअर. इथे घर घेतलं तेव्हा काकू शेजारी राहत होत्या. काका जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पहिल्याच भेटीत काकूंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "साहेबांना रात्र रात्र झोप नसायची."

मी काकांच्या फोटोकडे पाहून हळहळलो. "बीपी होतं का?"

"इंजिन थरथरायचं."

मला वाटलं, हृदयाबद्दल बोलताहेत. साहेब म्हणजे काका नव्हेत, तर ही गाडी जन्माला घालणारा इटालियन इंजिनिअर, हे कळायला मला दोन महिने लागले. काकू त्याचं नाव घेत नाहीत. काकांना मात्र त्या खुशाल नावाने हाक मारायच्या, असं म्हणतात.

तर साहेबांची कथा. दुसऱ्या महायुद्धाआधीही साहेबांनी एक छोटी गाडी केली होती, लोक तिला लाडाने उंदीर म्हणायचे. युद्धानंतर मात्र उंदीरही परवडेना. सगळं गाव स्कूटरवर: पुढे मुलगा, मागे बायको, बायकोच्या मांडीवर तान्हं. "साहेबांनी विचार केला," काकू म्हणतात, आणि इथे तर्जनी वर जाते, "की या बाईच्या डोक्यावर छप्पर पाहिजे." मग इंजिन मागे टाकलं, कारण जागा वाचते. दोनच सिलिंडर, तेही वाऱ्याने थंड होणारे. छप्पर कापडाचं, कारण पत्रा वाचतो. एवढं करून गाडी बाजारात आली आणि लोकांनी नाकं मुरडली! खिडकीच्या काचा खाली होत नव्हत्या, मागे धड बसता येत नव्हतं. "दुसरा कुणी असता तर हाय खाऊन बसला असता. साहेबांनी काही महिन्यांत दुरुस्त्या केल्या. मग अख्खा इटली तिच्यात बसला."

ही कथा कधीही बदलत नाही. शब्द तेच, क्रम तोच, दम घ्यायच्या जागाही त्याच. मध्ये कुणी प्रश्न विचारला तर काकू उत्तर देत नाहीत. त्या परिच्छेदाच्या सुरुवातीला परत जातात. "मध्ये बोलू नकोस रे, क्रम चुकतो." मकर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका उत्साही बाईंनी तीनदा शंका विचारली, तर इंजिन तीनदा मागे टाकावं लागलं.

एकदा पोलिसाने काकूंना थांबवलं. गुन्हा काय, तर फार हळू चालवता. मी मागच्याच गाडीत होतो, म्हणून मदतीला उतरलो. तोवर युद्ध संपलं होतं. साडेसहा फुटांचा तो गडी उन्हात टोपी काखेत धरून ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "मॅम, मी एकदा आत बसून पाहू का?" तो बसला. त्याला बाहेर काढायला आम्ही दोघं लागलो. तिकीट नाही मिळालं. काकू मला म्हणाल्या, "बघितलंस? चांगल्या घरचा मुलगा आहे."

विशेष म्हणजे काकू काही इंजिनिअर नाहीत. दातांच्या डॉक्टरकडे त्या फ्रंट डेस्कला होत्या. काका गेल्यावर त्यांनी दुसऱ्या राज्यातून ही गाडी बंद अवस्थेत ट्रकवर घालून आणवली आणि साठीला आल्यावर पाना धरायला शिकल्या. आता कार्ब्युरेटर काढून, साफ करून, परत बसवतात, आणि बाजूला कुकरच्या शिट्ट्याही मोजतात.

त्यांचा मुलगा समीर दूर रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. इथेच वाढलेला, सहा फूट उंच, स्वभावाने गोड. दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. पण आईने "युद्ध" म्हटलं की हात जोडतो. "आई, प्लीज, नॉट द कार स्टोरी." काकू हसून विषय बदलतात. मला त्याचं नवल वाटायचं. पोलिसाला न सोडणारी बाई पोटच्या पोराला कशी सोडते?

मग गेल्या वर्षी आमची रेवा झाली. सात आठवडे आधी झाली. आमचे आईवडील व्हिसाच्या रांगेत अडकलेले, माझी बायको मधुरा ऑपरेशनने खचलेली, आणि ह्यूस्टनच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत नळ्यांच्या गुंत्यात आमची मुलगी. माझ्या एका हातावर मावेल एवढी. नर्स रोज म्हणायची, "टॉक टू हर, डॅड. तिला तुमचा आवाज ऐकू द्या." मी पेटीपाशी वाकायचो आणि म्हणायचो, "हाय." त्यापुढे काय बोलायचं ते सुचत नसे.

सहाव्या दिवशी दुपारी शरयूकाकू दारात उभ्या. चेहरा लाल, केस वाऱ्याने उभे. त्यांनी ती गाडी कधीही हायवेला घातली नव्हती. आतल्या गल्ल्या आणि हायवेच्या कडेचा फीडर रोड धरून, पावणेदोन तास चालवत आल्या होत्या.

"अहो काकू, मला सांगायचं, मी न्यायला आलो असतो!"

"तू इथे पाहिजेस."

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, स्टूल ओढलं आणि पेटीच्या गोल भोकाशी तोंड नेऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "युद्ध संपलं होतं."

मला कानकोंडं झालं. नर्स बघत होती. काकू सांगत राहिल्या. आणि मी कधी नीट न ऐकलेल्या एका जागी आल्या. साहेबांनी मातीची दोन मॉडेलं केली होती. एक जड, एक हलकं. दोन्ही कंपनीच्या मोठ्या लोकांसमोर ठेवली.

"आणि त्यांनी हलकं निवडलं," काकू म्हणाल्या. आणि पुन्हा म्हणाल्या, "हलकं निवडलं, बाळा."

नंतर कॅफेटेरियात कॉफी घेताना त्यांनी सांगितलं. समीर झाला तेव्हा सव्वादोन पौंडांचा, म्हणजे जेमतेम किलोभराचा होता. काकूंना अमेरिकेत येऊन वर्षही झालं नव्हतं. काका वेस्ट टेक्सासला ऑइलफील्डवर, शनिवार-रविवारी यायचे. नर्स हेच सांगायची, बोला त्याच्याशी.

"काय बोलणार? अंगाई सुरू केली की मला रडू फुटायचं. वेटिंग रूममध्ये गाड्यांचं एक मासिक पडलेलं होतं, त्यात हा लेख. तो रडू न येता वाचता यायचा. माझं इंग्रजी बेताचं, मग रोज एकेक परिच्छेद मराठीत करायचे आणि त्याला सांगायचे. मशीनचा अलार्म वाजला की सगळे धावत यायचे. सगळं शांत झालं की मी परिच्छेद पहिल्यापासून घ्यायचे. एकेचाळीस दिवस. मला वाटायचं, गोष्ट पुरी होईपर्यंत तो कुठे जात नाही."

मी विचारलं, "समीरला माहीत आहे?"

"नाही. एवढा धिप्पाड झाला, त्याला कशाला सांगायचं तू केवढासा होतास ते? त्याला वाटतं, आईला गाडीचं खूळ आहे. वाटू दे." मग कप फिरवत म्हणाल्या, "कधी तरी पूर्ण ऐकेल."

मी वर गेलो आणि पेटीशी वाकून रेवाशी बोललो. साहेबांबद्दल नाही. नागपूरच्या उन्हाबद्दल, संत्र्यांबद्दल, काय सुचेल ते. पंधरा मिनिटं बोललो. रेवा पाचव्या आठवड्यात घरी आली आणि आता घरभर रांगते.

पण त्या दिवशी संध्याकाळी काकूंना परत जायचं होतं, आणि ऑफिसं सुटली होती. पार्किंगमध्ये किल्ली हातात घेऊन त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. येताना होतं ते बळ संपलं होतं. मी म्हटलं, मी पुढे चालतो, तुम्ही माझ्या मागे या.

फीडर रोडवर दोन्ही गाड्यांचे ब्लिंकर लावून आम्ही ताशी पस्तीस मैलांच्या वेगाने निघालो. आरशात दोन गोल दिवे आणि त्यांच्या वर काकूंचं डोकं, ताठ. आमच्या मागे ट्रकांची रांग लागली, पण कुणी हॉर्न वाजवला नाही. आडव्या गल्ल्यांतून येणारेसुद्धा थांबून राहत होते. मला कळेना हा एवढा मान कशाचा. एका सिग्नलला शेजारच्या पिकअपमधल्या म्हाताऱ्याने हॅट काढून छातीशी धरली, काच खाली केली आणि हळूच विचारलं, "कुणाची अंत्ययात्रा आहे, सर?" इकडे अंत्ययात्रेच्या गाड्या अशाच ब्लिंकर लावून सावकाश जातात, आणि लोक थांबून मान देतात.

"छे हो," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मागच्या गाडीत माझ्या मुलीची आजी आहे."