जीटीओचा उलटा फेरा

पैज मी जिंकणार होतो, यात काडीचीही शंका नव्हती! समोरच्याचे डोळे बांधलेले, गाड्या चालू करायचं काम माझ्याकडे आणि पंच म्हणून त्याचीच बायको, जी माझ्या विनोदांना हमखास हसते. एवढं सगळं हाताशी असताना हरायला अंगात वेगळीच कला लागते. ती माझ्यात ठासून भरलीय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

झालं असं, की गुरुवारी संध्याकाळी आम्ही ओटिस टॉलिव्हरच्या मागच्या अंगणात बसलो होतो. ओटिस म्हणजे माझा कुंपणापलीकडचा शेजारी. शेगडीवर बरगड्या भाजत होत्या, धूर माझ्याच डोळ्यांत जात होता आणि शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा होता. ऑगस्टमधल्या त्या शनिवारी आमच्या डेट्रॉइटच्या बाजूला माणूस घरात सापडला तर समजावं, एक तर तो आजारी आहे किंवा जपानी गाडी चालवतो.

ओटिसकडे एकोणसत्तरची पाँटिअॅक जीटीओ आहे. उघड्या टपाची, पिवळीधमक, हळदीच्या नवरीसारखी. माझ्याकडे एकोणसत्तरचीच शेवरोले चेवेल. आणि नुसती चेवेल नाही, मी इथल्या शेवरोले क्लबाचा अध्यक्ष! सहा वर्षं! दुसरं कुणी उभंच राहत नाही, ती गोष्ट वेगळी.

"ओटिस," मी बरगडी चघळत म्हटलं, "तुझी नि माझी गाडी म्हणजे सख्ख्या बहिणी. सांगाडा एक, साल एक, माहेर एक, मूळ कंपनीसुद्धा एक. तुझीचं नाक जरा नकटं केलं आणि भाव वाढवून विकली."

ओटिसचा चिमटा हवेतच थांबला. "आणि इंजिन?"

"इंजिन ते इंजिन! आठ सिलिंडर तुझे, आठ माझे. पेटायचा क्रमसुद्धा तोच. एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन! झोपेत विचार, सांगतो."

"ड्वेन सोबचॅक, तुझी चेवेल खोकते. माझी जीटीओ बोलते. डोळे बांध माझे. नुसत्या आवाजावरून सांगतो कुठली कुठली."

"काय लावतोस?"

ओटिसने जरा विचार केला आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, की मी तिथेच उठून घरी जायला हवं होतं. "हरणाऱ्याने मेळ्यात जिंकणाऱ्याच्या गाडीत मागे बसायचं. त्याच्या गाडीचा शर्ट घालून. आणि नाइन माइल रस्त्याच्या चौकात, जिथे तुझा क्लब खुर्च्या टाकून बसतो ना, तिथे उभं राहून ओरडायचं, 'ही थोरली, माझी धाकटी!'"

"मंजूर!" मी म्हटलं. माझी बायको लॉर्ना तिथेच होती. तिने कपाळाला हात लावला. पण लग्नापासून तो हात बहुतेक तिथेच असतो, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

एक गोष्ट मात्र खरी काळजीची होती. ओटिसच्या बायकोचं, जिला अख्खी गल्ली आदराने मिस व्हर्नेल म्हणते तिचं, हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून ती घरातच. शनिवारी ती पहिल्यांदा बाहेर पडणार होती, जीटीओत पुढे बसून, मेळ्याला. त्यासाठी तिने खास टोपी आणली होती, गाडीच्याच रंगाची, परातीएवढी. ओटिसने मला बजावलं, "पैज काय ती सकाळी उरकायची. गाडीला ओरखडा उठला तर चालेल, पण व्हर्नेलची फेरी चुकता कामा नये."

"अरे, मी गाड्या फक्त चालू करणार! त्यात काय होणार आहे?"

शनिवारी सकाळी दोन्ही गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या केल्या. ओटिस त्याच्या दारापुढे घडीच्या खुर्चीवर, गाड्यांकडे पाठ करून. मिस व्हर्नेलने त्याच्या डोळ्यांना आपला फुलाफुलांचा रुमाल बांधला आणि ती ओसरीवर जाऊन बसली. टोपी मांडीवर. उत्तर दिल्याशिवाय रुमाल काढायचा नाही, असा नियम ठरला.

आता तुम्हाला माझी युक्ती सांगतो. माझ्या चेवेलचा ठेका जरा लंगडा आहे. आम्हाला तो आवडतो, शेजाऱ्यांना नाही. ओटिसचा कान पडला तिखट. म्हणून मी ठरवलं, जीटीओच्या प्लगच्या दोनच वायरी आपसांत बदलायच्या. जीटीओपण लंगडेल, ओटिस छातीठोकपणे 'चेवेल!' म्हणेल, मी जिंकेन आणि दोन मिनिटांत वायरी जागच्या जागी! निष्पाप गंमत. देवालासुद्धा हसू आलं असतं.

"ओटिस, जरा कॉफी आणतो हं!" मी मोठ्याने म्हटलं आणि चोरपावलांनी जीटीओचं बॉनेट उचललं.

करंट वाटणारा तो गोल डबा, डिस्ट्रिब्युटर, इंजिनाच्या पार मागे, काचेखालच्या बोळात बसवलेला. माझ्या गाडीतही तसाच. पण माझ्या पोटाला माझ्या गाडीची सवय आहे! मी वाकलो, दोन वायरी धरल्या आणि हलकेच ओढल्या. हलत नाहीत. जरा जोरात ओढल्या. तेवढ्यात पाय सटकला आणि हाताला आलं ते सगळं मी मुठीत धरलं. मी मागे आलो आणि माझ्याबरोबर डब्यातून निघालेल्या आठही वायरी आल्या! मुठीत अशा लोंबत होत्या, जशी बाजारातून मेथीची जुडी आणावी.

पण मी कोण? अध्यक्ष! वायरींची दुसरी टोकं प्लगांवर होतीच, म्हणजे कुठली कितव्या सिलिंडरची ते उघड होतं. ओटिसने डब्यावर पहिल्या नंबरच्या भोकापाशी पांढरा ठिपका दिलेला होता. तिथून सुरुवात करायची आणि गोल जायचं. एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन. घड्याळाच्या काट्याप्रमाणे. हात आपोआप चालत होते. युक्ती गेली खड्ड्यात, आता नुसती गाडी चालू झाली तरी पुरे!

"कॉफी कोलंबियातून आणतोयस का रे?" ओटिस ओरडला.

"ही पहिली गाडी, ऐक!" मी म्हटलं आणि चावी फिरवली.

गाडी कण्हली. कुंथली. आणि मग असा बार उडाला, की समोरच्या झाडावरची सगळी पाखरं एकदम कॅनडाला गेली!

रस्त्यापलीकडून थानासी धावत आला. हा ग्रीक, कोपऱ्यावर त्याचं हॉट डॉगचं दुकान. त्याच्याकडे ब्यूइक आहे. तीही याच घराण्यातली, तिसरी बहीण म्हणा. अंगावर एप्रन, हातात मोहरीच्या चटणीची बाटली.

"सरक बाजूला!" तो म्हणाला. "ब्यूइक मी नखशिखांत ओळखतो, म्हणजे ही पण ओळखतो." त्याने बॉनेटखाली डोकं घातलं. समोरून पाहिलं. डावीकडून पाहिलं. मग त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"ड्वेन! डिस्ट्रिब्युटरच नाहीये!"

"असं कसं नाहीये?"

"समोर असतो ना! रेडिएटरच्या मागे, हाताशी! इथे नुसती जागा आहे. चोरी झाली! चोरी!"

"अरे, हळू! मागे आहे तो, मागे!"

"मागे? मागे कोण ठेवतं?" थानासीला मनापासून वाईट वाटलं. "तिथे हात तरी पोचतो का कुणाचा?"

"चोरी कसली?" खुर्चीतून ओटिस.

"काही नाही! थानासीची मोहरी चोरीला गेली!" मी म्हटलं आणि घाबरून पुन्हा चावी फिरवली.

दुसरा बार पहिल्याचा बाप होता. मागून ज्वाळा, पुढून धूर. मी उतरून बघायला वाकलो, तेवढ्यात कार्ब्युरेटरमधून काय उडालं देव जाणे, माझी डावी भुवई गेली ती गेलीच. गल्लीतल्या यच्चयावत नव्या गाड्यांचे भोंगे एकदम बोंबलायला लागले. कुणीतरी पोलिसांना कळवलं की इथे गोळीबार चाललाय.

मेळ्याचा दिवस, पोलीस कोपऱ्यावरच होते. गाडीतून एक धिप्पाड बाई उतरली. तिने काय पाहिलं असेल बघा! रस्ताभर धूर. काळ्या तोंडाचा, एका भुवईचा मी. बाटली रोखून उभा असलेला ग्रीक. आणि मधोमध खुर्चीत डोळे बांधून बसवलेला एक वयस्कर गृहस्थ!

तिचा हात कमरेला गेला. "याला कोणी ओलीस धरलंय?"

"कोणी नाही, बाई," ओटिस शांतपणे म्हणाला. "मी मर्जीने बसलोय. उत्तर दिल्याशिवाय रुमाल काढता येत नाही."

"कसलं उत्तर?"

मग मी सांगितलं. थानासीने मध्ये मध्ये 'चोरी' घातलं. तिने सगळं ऐकून घेतलं, बॉनेटखाली एकदा डोकावली आणि वही मिटली. "माझ्याकडे मस्टँग आहे, दुसऱ्याच कंपनीची. तुमच्या या घरगुती भानगडीत मी पडणार नाही. पण आणखी एक आवाज झाला तर तिघांनाही आत टाकीन." आणि ती जी गाडीला टेकून उभी राहिली ती जाईचना. तिलाही उत्तर ऐकायचं होतं!

मी ओसरीकडे पाहिलं. मिस व्हर्नेलने टोपी घातली होती. हातात पर्स. मेळ्याला जायला तयार! मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, पैज गेली चुलीत! शर्ट घालीन, ओरडेन, क्लबासमोर लोळण घेईन. पण या बाईची फेरी माझ्यामुळे चुकली, तर उद्यापासून कुंपणापलीकडे कुठल्या तोंडाने बघू? आणि तेही एका भुवईच्या!

"ओटिस," मी त्याच्या खुर्चीपाशी जात म्हटलं, "मला तुला काहीतरी..."

"थांब. माझं उत्तर राहिलंय." ओटिसने घसा खाकरला. "गाडी: जीटीओ. वायरी लावल्यात: चेवेलसारख्या. मिस्त्री: गाढव."

त्याने रुमाल सोडला, घडी केली आणि खिशात ठेवला.

"पण... पण मी बरोबर लावल्या! एक, आठ, चार, तीन..."

"आकडे बरोबर. कुठल्या बाजूने गेलास?"

"घड्याळाच्या काट्याप्रमाणे. आणखी कुठल्या?"

"तुमच्या डब्यातला करंट वाटणारा काटा तसा फिरतो. पाँटिअॅकचा उलटा."

एवढी वर्षं 'सख्ख्या बहिणी, सख्ख्या बहिणी' म्हणत होतो, आणि एक जात होती पूर्वेला तर दुसरी पश्चिमेला!

"पण हे नुसत्या आवाजावरून कळलं?" पोलीसबाईने विचारलं. भलतीच रंगली होती ती.

"बाई, माझ्या गाडीला आजवर जेवढ्या चेवेलवाल्यांनी हात लावला, त्या प्रत्येकाने तिच्याकडून हाच आवाज काढलाय. चांगला ओळखीचा झालाय आता."

ओटिस मदतीला उठेल असं वाटलं होतं. छे! त्याने थानासीकडून कॉफी मागवली. "तूच लाव. उलट्या फेऱ्याने. मी ऐकतोय."

मी लावल्या. पोट आत घेऊन, श्वास रोखून, एकेक आकडा ओठांत पुटपुटत, देवळात प्रदक्षिणा उलट्या बाजूने घालताना जसं चोरट्यासारखं वाटेल तसं वाटत होतं. हात दर वेळी उजवीकडे वळायचा, मी त्याला डावीकडे ओढायचो. शेवटची वायर बसली. चावी फिरवायची वेळ आली तेव्हा पोलीसबाईने कान झाकले, थानासी झाडामागे गेला.

आणि जीटीओ बोलली! एकाच दमात! खर्जातला, गुबगुबीत, पोटभर जेवलेला आवाज! खरं सांगतो, मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

मिस व्हर्नेल काठी टेकत पायऱ्या उतरून आली. मी दार उघडून धरलं.

"तुझा पाय सटकला तेव्हा मी बघत होते, बरं का," ती म्हणाली. "सगळ्याच्या सगळ्या उपटल्यास!"

"मग बोलला का नाहीत, मिस व्हर्नेल? तुमचीच फेरी चुकली असती!"

"लेकरा, हिवाळ्यापासून मी खिडकीतून खारी बघतेय. आज कुठे बघण्यासारखं काही मिळालं, ते मी बंद पाडू?"

तर अशी वरात निघाली. पुढे ओटिस, शेजारी परातीएवढी टोपी, आणि मागच्या सीटच्या पाठीवर उंच बसवलेला मी. अंगात ओटिसचा जीटीओ लिहिलेला शर्ट, तो बेंबीच्या वरच संपलेला. माझी चेवेल? ती लॉर्ना घेऊन मागून येत होती. तिला कधी चालवायला दिली नव्हती, पण त्या दिवशी माझ्या शब्दाला किंमत ती काय उरली होती!

वुडवर्डच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं, खुर्च्याच खुर्च्या. नाइन माइलचा चौक दिसला. तिथे माझा अख्खा क्लब, निळ्या टोप्या घालून. सिग्नल लाल. माझं तोंड त्याहून लाल.

"चल, अध्यक्षा," ओटिस म्हणाला.

मी उभा राहिलो. डोळे मिटले. "ही थोरली, माझी धाकटी!"

एक डोळा उघडून पाहिलं, तर क्लबातलं एकही डोकं माझ्याकडे वळलेलं नव्हतं! सगळे उभे राहून माझ्या मागे बघत होते. मागे लॉर्ना एक कोपर खिडकीत टाकून चेवेलला अशी गुरगुरवत होती, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या पडत होत्या.

"कोण रे ती?" आमचा खजिनदार ओरडला. "काय गाडी ठेवलीय बाईने!"

"ती माझी आहे!" मी हात हलवले. "गाडीपण! अरे, मी ड्वेन! मी हरलोय! इकडे बघा ना! ही थोरली, माझी धाकटी!"

"काका, बसा खाली," खजिनदार म्हणाला, "मागची गाडी दिसत नाहीये."

भुवई नसल्याने ओळखलं नसावं. दुसरं काय?

सिग्नल हिरवा झाला. ओटिस आरशात बघून म्हणाला, "झाली तुझी पैज. बस आता."

मी बसलो नाही. पुढच्या चौकात, टेन माइलला, पुन्हा ओरडलो. इलेव्हन माइललाही. तिथे निदान एका म्हाताऱ्याने वळून पाहिलं. त्याला वाटलं, मी शेंगदाणे विकतोय.