मंडळाने मंजूर केलेला विनोद

माळकोंड गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी एक विनोद, एक सुविचार आणि एक घरगुती सल्ला देण्याचं काम मंडळाने माझ्याकडे सोपवलं, तेव्हा माझ्या नावाला हरकत घेणारं कोणी निघालं नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेले आहे. गुरुजींनी मला विचारलं होतं, ठकू, तू गप्प कधी बसणार? त्यांना उत्तर देण्याचं काम अजून चालू आहे.

आमचं गाव पोलादपूरवरून चढून यायचं. उतरून गेलेले पुष्कळ, चढून येणारे थोडे. त्यामुळे गावची माणसं गावात कमी आणि मुंबईत भांडुपला जास्त, आणि गावाचा कारभार भांडुपच्या एका हॉलात रविवारी चालतो. इकडे विहिरीचा रहाट मोडला तर आधी तिकडे दुरुस्ती मंजूर होते, मग इकडे तो मोडल्याचं सगळ्यांना कळतं. मंडळाचा अध्यक्ष महिपती. उभा जन्म एका कचेरीत फायली पुढे ढकलल्या; निवृत्त झाल्यावर ढकलायला काही उरलं नाही, म्हणून गाव हातात घेतलं.

त्या ग्रुपवर सकाळ झाली की जो तो सूर्य पाठवायचा. एकच सूर्य, पण प्रत्येकाच्या घरून वेगळा उगवायचा. नळाला पाणी सुटलं का, हे बघायला बाईने फोन उघडावा आणि गुलाबाच्या फुलांतून वाट काढत बसावं, तोवर पाणी जायचं. म्हणून मंडळाने ठराव केला: यापुढे सूर्य, फुलं, चहाचे कप बंद. एका जबाबदार व्यक्तीने रोजचा एकच डोस द्यावा.

माझं नाव निघालं त्याला जिभेशिवाय आणखी एक कारण होतं. शिमग्यात देवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या चौथऱ्यावरून उठते ती पहिली माझ्या अंगणात येते. पहिली ओटी माझी, पहिली आरती माझी, पहिला नैवेद्य माझा. हा मान मला सासूने दिला, तिला तिच्या सासूने. बाकी मिरवण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. मुलगा दीपक महाडच्या एमआयडीसीत पाळ्या करतो, सून रेश्मा माझ्यापेक्षा बरी निघाली, आणि या दोन्ही गोष्टी मी कोणाला सांगत नाही. मान मात्र सांगते. समोरच्या घरात माझी चुलत जाऊ चंद्रभागा राहते. तिला तर रोज सांगते.

लिहिणं मला जमत नाही. रेश्मा फोनचं बटण दाबून धरी आणि मी चुलीसमोर बसून बोले. पहिल्या दिवसाचा सुविचार होता, माणसाने थोडकं बोलावं. तो सांगायला मला इतका वेळ लागला की रेश्माचा अंगठा बधिर झाला. सल्ला होता, गरम भाकऱ्या टोपलीत एकीवर एक रचू नयेत, घाम सुटतो; एका घरात दोन जावांचंही तसंच. आणि विनोद होता तो असा: आमच्या समोरच्या घरची म्हैस आटली, कारण दूध काढताना मालकीण तिला रोज आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगते. ऐकून ऐकून जनावर सुकलं.

हसऱ्या तोंडांची रांग लागली. भांडुप हसलं, दिवा स्टेशन हसलं, दासगावला दिलेल्या लेकी हसल्या. मी फोन पदराने पुसून भिंतीतल्या देवळीत ठेवला.

दुपारी चंद्रभागेची हरकत आली. तिचं म्हणणं, म्हैस आटली नसून गाभण आहे आणि तशी ती डॉक्टरांनी तपासलेली आहे. सबब विनोदात खोटी माहिती दिलेली आहे. हरकत रीतसर होती, म्हणून ती रीतसर मंडळापुढे गेली, आणि मंडळाने विनोद, सुविचार व सल्ला उपसमिती नेमली. उपसमितीने दोन नियम केले. एक, विनोदाने कोणाचं मन दुखावता कामा नये. दोन, विनोदातली माहिती खरी असली पाहिजे, तिची पडताळणी होईल, आणि मगच विनोद मंजूर होईल. ठरावाखाली माझीही सही घेतली. सही मला करता येते. ती करताना मी इतकी खूष असते की वर काय लिहिलंय ते वाचून घ्यायचं राहून जातं.

मग गावकऱ्यांवर विनोद बंद झाले. मी मुंबईकरांकडे वळले. मे महिन्यात येतात, झऱ्याच्या गावात पाण्याच्या बाटल्या घेऊन येतात आणि दिवसभर झाडाखाली हात वर करून नेटवर्क शोधतात. देवीला वाटतं, पोरं नवस करतायत. मुंबई शाखेचं मन दुखावलं. एसटीवर विनोद केला तर कोणाचा मेव्हणा कंडक्टर निघाला. शिवाय उपसमितीने विचारलं, गाडी कोणती, तारीख कोणती, आणि विनोदातला म्हातारा खरोखरच टपावर बसला होता काय. मेलेल्या माणसांवर जावं तर प्रत्येक मेलेला कोणाचा तरी आजा. बोकडावर केला, तोही नामंजूर. बोकडाची हरकत नव्हती, पण तो शिमग्यानंतर कापायचा आहे, त्याला हसणं बरं दिसत नाही, असं कळवण्यात आलं.

सल्ल्याचं तेच. तापावर गवती चहाचा काढा घ्या, एवढंच मी म्हटलं होतं. त्याला हरकत आली ती माझ्याच घरातून. दीपकने पाळीवरून येऊन डबा ठेवला आणि म्हणाला, आई, आमच्या कंपनीत तापाचीच गोळी बनते, तू लोकांना काढा पाजलास तर आम्ही पॅकिंग कशाचं करायचं? मी म्हटलं, अरे, तुझ्या पोटासाठी गावाला ताप येऊ दे म्हणू काय? तो म्हणाला, येऊ दे म्हणू नको, पण अडवू पण नको. मुलगा शिकला की असं तोलून बोलतो.

सुविचारांचा प्रश्नच मिटला. खरं बोलावं, असं म्हटलं तर कोणाला उद्देशून, अशी विचारणा येई. शेवटी मंजूर झालेला सुविचार असा: सकाळ ही दिवसाच्या सुरुवातीला येते. तो पडताळून पाहण्यात आला आणि खरा निघाला.

अशा पडत्या काळात महिपतीचा फोन आला. म्हणाला, "काकी, स्वतःवर विनोद करा. त्यात दुखावणारं माणूस एकच, आणि ते तर तुमीच."

मी फोन ठेवून विचार केला. माझ्यावर कोणी हसावं हे मला उभ्या आयुष्यात खपलेलं नाही. सासू एकदा हसली होती, तिच्याशी मी पावसाळाभर बोलले नव्हते. पण हसऱ्या तोंडांची रांग तुटली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या रांगेची चटक लागली होती. पोरांना खोकल्याच्या गोड औषधाची लागते तशी.

तर मी सुरू केलं. पहिल्या दिवशी सांगितलं, आरतीची मला पहिली ओळ तेवढी येते. ती मी मोठ्याने म्हणते, पुढे नुसते ओठ हलवते, देवीला वाटतं आज टाळांचा आवाज जरा जास्तच आहे. विनोद पडताळणीला गेला. रेश्माला फोन करून विचारलं गेलं. ती म्हणाली, खरं आहे. मंजूर. दुसऱ्या दिवशी सांगितलं, नैवेद्याच्या पुरणपोळीबद्दल गावभर माझं नाव आहे. पोळी करते सून, मी ताटावर पदर धरून अंगणापर्यंत नेते, आणि त्या चालण्याचं कौतुक होतं. मंजूर. मग सांगितलं, पालखी दारात नाचते तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागते. लोक म्हणतात, काय भक्ती. माझं सगळं लक्ष असतं पोरांच्या पायांखाली जाणाऱ्या माझ्या मिरचीच्या रोपांवर. मंजूर, एकमताने.

रांग पुन्हा लागली. पूर्वीपेक्षा लांब. नाते गावाहून माझ्या माहेरच्यांनी कळवलं की ठकूने नाव काढलं. मला वाटू लागलं, आपण उगाच इतकी वर्षं मान ताठ ठेवली. वाकले असते तर लवकर मोठी झाले असते.

शिमगा जवळ आला तशी चंद्रभागेने दुसरी हरकत घेतली. तोंडाने नाही, लेखी. आरती न येणारी, नैवेद्य न करणारी आणि देवीपुढे मिरच्यांसाठी रडणारी बाई पहिल्या मानाला पात्र आहे काय? पुरावा म्हणून मंडळाचेच मंजूर विनोद जोडले होते.

बैठक सहाणेवर भरली. मुंबईकर शिमग्यासाठी आलेच होते. महिपती मध्ये बसला, चंद्रभागा खांबाला टेकून, नवी साडी नेसून. निकालाआधी साडी नेसणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

"काकी," महिपती म्हणाला, "पोळ्या तुमी करता का रेश्मा?"

"विनोद होता तो."

"विनोद होता हे मंडळाला मान्यच हाय. मंजूर हाय तो. मंजूर विनोदात खोटं नसतं, तसा ठराव हाय. खाली सही तुमची."

"मग समज, मी खोटं बोलले."

"मग तुमी मंडळाची फसवणूक केलीत. फसवणूक करणाऱ्याला मान देता येत नाय, तोपण ठराव हाय."

मी रेश्माकडे पाहिलं. ती साक्षीला उभी होती. तिने नुसतं म्हटलं असतं की पोळ्या आईच करतात, तर सगळं मिटलं असतं. पण तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, आई, एवढ्या वर्षांत पयल्यांदा तुमी लोकांसमोर माझ्या पोळ्यांचं नाव घेतलंत. ते आता मी कशी खोटं म्हणू?

त्याच्यावर मला बोलता आलं नाही. गुरुजी असायला हवे होते.

तरी मी हात टेकले नाहीत. मी म्हटलं, "तुमी सगळे हसलात का नाय? रोज हसरी तोंडं पाठवलीत. खरं मानून कोणी हसतं काय? हसलात म्हणजे तुमीच ते विनोद म्हणून धरलंत."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. चांगू, पालखीच्या पुढच्या दांड्याला खांदा देणारा, भला माणूस. तो खाली बघत म्हणाला, "वयनी, राग नको मानूस. तुझं बोलणं लांब असतं गो. आमी हसरं तोंड आधीच दाबतो. ऐकायचं मग राहतं."

मी एकेकाला विचारत गेले. भांडुपकरांनी कामाचं कारण सांगितलं. दासगावच्या लेकी म्हणाल्या, तुझा आवाज आलाय एवढ्यानेच बरं वाटतं, म्हणून पुढे लावत नाही. उपसमितीने विनोद पडताळले होते, ऐकले नव्हते. रेश्माने फोनवर दोन ओळींत सांगितलेला मजकूर त्यांनी पुढे सरकवला होता. दीपक बुटांकडे बघत होता. त्याला मी विचारलंच नाही.

"मग माझं ऐकलं कोणी?" मी म्हटलं.

"मी ऐकलं," खांबाजवळून चंद्रभागा म्हणाली. "रोज. पयल्यापासून शेवटपर्यंत. मिरच्यांचा दोनदा ऐकला. हसले पण होते."

ती खोटं बोलत नव्हती. हसल्याची खूण तिच्या तोंडावर अजून होती.

ठराव एकमताने झाला. पहिला मान चंद्रभागेच्या दारी. माझी सही पुन्हा घेतली. या वेळी मी वर काय लिहिलंय ते वाचून घेतलं. त्याने काही फरक पडला नाही.

पालखी माझ्या दारावरून पुढे गेली. रेश्माने पोळ्या केल्या होत्या, त्या चंद्रभागेने मागून नेल्या, कारण तिच्या फुटतात. ही खरी माहिती आहे, पण ती मंजूर करून घ्यायला आता रोजचा डोस माझ्याकडे राहिलेला नाही. समोरच्या अंगणात आरती सुरू झाली. पहिली ओळ चंद्रभागेने मोठ्याने म्हटली. पुढे टाळांचा आवाज जरा जास्त होता. तिचे ओठ मात्र छान हलत होते.

आता तुमच्याबद्दल. ज्यांनी हे वाचायच्या आधीच हसरं तोंड दाबलं आणि पुढच्या माणसाला धाडलं, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. त्यांच्याकडून माझं काही जात नाही. देव त्यांना सुखात ठेवो, त्यांची सकाळ दिवसाच्या सुरुवातीला येवो. पण तुम्ही एक एक ओळ वाचत इथवर आलात. माझी आरती, माझ्या पोळ्या, माझं डोळ्यांतलं पाणी, सगळं तुम्हाला माहीत झालं. मधेमधे हसलातसुद्धा, चंद्रभागेसारखे.

तुमचं अंगण केवढं आहे हो? पालखी मावेल एवढं आहे काय?