छप्पर पाहायला साहेब येतात

वैशाखातल्या वादळानं बडनेऱ्यातल्या जानरावांच्या घराचं टिनाचं छप्पर उचललं तेव्हा अख्खी गल्ली हळहळली आणि एकटे जानराव गालात हसले. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी करणाऱ्या या गृहस्थांनी चक्क घराचा विमा उतरवला होता. कंपनीनंही लगेच कळवलं, की आमचे साहेब येईपर्यंत कशालाही हात लावू नका. साहेब डोळ्यांनी पाहतील तेवढंच नुकसान भरून मिळेल.

झालं. टिनं जिथं पडली तिथंच राहिली. काही निंबाच्या झाडावर, काही शेजारच्या बुधाजीकाकांच्या गोठ्यावर. जानरावांच्या पत्नी मनकर्णाबाई डोक्यावर ओला पदर घेऊन भर उन्हात चूल फुंकू लागल्या. कुणी टीन उचलायला गेलं की जानराव त्याच्या अंगावर धावून जात.

"हात नोको लावू. थे नुकसान हाय माह्यं."

"अवो, पानकळा तोंडावर आला," मनकर्णाबाई म्हणत. "भिंती मातीच्या हायेत आपल्या. एका पान्यात बसतीन खाली."

"साहेब येऊ दे. मंग नवंकोरं छप्पर टाकतो का नाही पाह्य."

साहेबांचा दिवस ठरला. त्यांना आणायला जानराव सकाळीच स्टेशनवर गेले आणि अकोल्याची गाडी आपल्या रिवाजाप्रमाणं रखडली. इकडे मनकर्णाबाईंनी घराकडं पाहिलं. परगावचा एवढा मोठा माणूस जेवायला येणार आणि त्याच्या पानात वरून निंबाचा पाला पडणार!

"काका, पावना उन्हात जेवते काय? लोकं काय म्हनतीन?" त्या बुधाजीकाकांना म्हणाल्या.

"जानरावाचं जाऊ दे. गल्लीच्या इज्जतीचा सवाल हाय," काका म्हणाले आणि त्यांनी गवंडीकाम करणाऱ्या मोतीरामला हाक मारली. मोतीरामच्या मागं सगळी गल्ली आली. वाकडी टिनं मुसळानं ठोकून सरळ झाली, वर चढली, त्यांवर दगड बसले. बायांनी अंगण सारवलं, भिंतींना चुना फासला, दारात रांगोळी काढली. बुद्धविहारातली सतरंजीही आली. साहेब पडझड पाहायला येत आहेत, एवढी एक गोष्ट मात्र कुणाच्या डोक्यात आली नाही.

जानराव विम्याच्या साहेबांना, म्हणजे हरिहरपंतांना घेऊन आले आणि आपल्याच घरावरून पुढं निघून गेले. मनकर्णाबाईंनी हाक मारून त्यांना परत आणलं.

"नुकसान कुठं आहे?" हरिहरपंतांनी विचारलं.

"छप्पर उडालं, साहेब."

"मग हे वर काय आहे?"

"हेच उडालं होतं."

"उडालेलं छप्पर परत येतं?"

"तुमी येनार म्हनून आलं, साहेब," जानराव रडवेल्या आवाजात म्हणाले.

मनकर्णाबाईंनी घाईघाईनं पाट मांडला. आमरस आणि गव्हाच्या सरगुंड्यांपुढं हरिहरपंतांचं काही चाललं नाही. यथास्थित जेवून ते निंबाखालच्या बाजेवर आडवे झाले आणि घोरू लागले. जानरावांनी सगळ्यांना घरामागं बोलावलं.

"तुमीच माह्यं नुकसान भरून टाकलं. आता कंपनी काय भरंन?"

"येवढंच ना?" काका म्हणाले. "जसं होतं तसं करून देतो."

लोखंडी सब्बल घेऊन मंडळी वर चढली. पण वादळानं कोणतं टीन कुठं टाकलं होतं यावर वाद पेटला.

"हे माह्या गोठ्यावर होतं."

"नाही काका, थे निंबावर होतं. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

वाद मिटेना, तेव्हा मोतीरामनं ते टीन सरळ खाली भिरकावलं. त्या दणक्यानं हरिहरपंत जागे झाले आणि समोरचं दृश्य पाहून बाजेखाली शिरले. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले, पाणी प्याले आणि त्यांनी पेन उघडलं.

"वादळ काही मी पाहिलं नाही. धडधाकट छप्पर पाहिलं, आणि जमाव ते तोडतोय हे पाहिलं. ही दंगल आहे."

जानराव पुढं सरसावले. "मंग गेलं सारं?"

"जाईल कशाला? तुमच्या विम्यात दंगलीची भरपाईही आहे. पूर्ण मिळेल." आमरसानं पंतांचं मन मोठं झालं होतं. "आणि या लोकांना पोलिसांचा त्रास नको, म्हणून मी 'अनोळखी इसमांचा जमाव' असं लिहितो."

काकांनी हातातली सब्बल खाली ठेवली. "अनोळखी? याच्या वरातीपुढं कंदील धरला म्या, अन् मी अनोळखी?"

"माह्यं नाव लिवा, साहेब," मोतीराम म्हणाला. "सगळ्यात जास्त टिनं म्या फेकली."

"अहो, नाव लिहिलं तर तुरुंगात जाल."

"जाऊ. पन नावानं जाऊ."

आता हातातोंडाशी आलेलं छप्पर दुसऱ्यांदा उडतं की काय, या भीतीनं जानरावांनी हात जोडले. "काका, चूप राहा न जरा. आज तुमी माह्ये कोनी नाही."

काका खरोखरच चूप झाले. सगळी गल्ली चूप झाली आणि एकेक करून आपापल्या घरी गेली.

कंपनीनं शब्द पाळला. अमरावतीहून नवी टिनं आली आणि अंगणात रचली गेली. पण ती वर चढवायला कुणी फिरकेना. एका दुपारी पश्चिमेकडं आभाळ काळंभोर झालं आणि जानरावांनी मातीच्या भिंतींकडं पाहिलं. ते धावत बुधाजीकाकांच्या दारात गेले.

"काका, चार मानसं घेऊन चाला न. छप्पर चढवाचं हाय."

काकांनी तंबाखू मळता मळता त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कोन बाप्पा तुमी?"