चार बोटं वर नळ

कंपनीच्या ट्रेनिंगहून परतताना पद्माकरने जर्मनीतून दोन गोष्टी आणल्या: एक सर्टिफिकेट आणि घरी बिअर करायची पद्धत. सर्टिफिकेट भिंतीवर लावता आलं. बिअर मात्र दारूबंदीच्या बडोद्यात करायची म्हणजे नोकरीवर पाणी सोडायची तयारी हवी, आणि त्याआधी बायकोने, नीराने घराबाहेर काढलं असतं ते वेगळंच. पण चव काही जिभेवरून जाईना.

अडलं होतं टाकीपाशी. स्टीलची टाकी हवी आणि नळ तळापासून चार बोटं वर, म्हणजे गाळ खाली राहतो. हे वेल्ड करून देणारा आणि तोंड बंद ठेवणारा माणूस कुठे शोधायचा?

फतेगंजच्या वेल्डरने चित्र पाहून डोळा मारला. "साहेब, समजी गयो." पद्माकर तिथून जो निघाला तो थेट रिक्षात बसला. वासण्याच्या वेल्डरने काहीच विचारलं नाही. विचारत नाही म्हणजे हा पोलिसांचा माणूस, याबद्दल पद्माकरला शंका उरली नाही.

त्यात सोसायटीचे सेक्रेटरी दिनकरराव जिन्यात आडवे आले. कुणाच्या घरी काय शिजतंय ते यांना खालच्या मजल्यावर कळायचं.

"हल्ली वेल्डिंगवाल्यांकडे फार दिसता, पद्माकर?"

"ग्रिल बसवायचंय."

"आहे की तुमच्याकडे."

शेवटी डभोईचे भूदरभाई सापडले. कपाळाला टिळा, दुकानात भजनाची कॅसेट. यांनी जन्मात बिअर पाहिली नसणार, म्हणून पद्माकरने यांनाच पसंत केलं.

"शेना माटे, साहेब?"

"आमच्या मराठी मंडळाची कोजागिरी असते ना, मसाला दुधासाठी."

भूदरभाईंनी हात जोडले. "भगवाननुं काम. पैसा नहीं लऊं."

पद्माकर इतका गहिवरला की मंडळ कुठे जमतं तेही सांगून बसला.

कोजागिरीला तो नीराबरोबर मंडळात पोचला तर दारात भूदरभाईंचा टेम्पो. टाकी आत गेलेली, तिच्यावर कोरलेलं, 'पद्माकरभाई तरफथी भेट.'

"अहो, मला बोलला नाहीत ते," नीराचे डोळे भरून आले. पद्माकरचेही आले. लोकांना वाटलं, भक्ती.

दूध ओतलं, नळ सोडला. पेल्यांत नुसतंच दूध यायला लागलं. बदाम, पिस्ते, चारोळी, सगळं तळाशी बसलेलं.

"कुणा शहाण्याने नळ वर लावलाय हा?" मंडळातल्या मंदावहिनी म्हणाल्या.

दिनकररावही मंडळाचेच. ते पुढे झाले. वाकले, नळाखाली चार बोटं लावून पाहिली आणि पद्माकरला खांद्याला धरून खांबामागे घेऊन गेले.

"नळ चार बोटं वर. गाळ खाली राहावा म्हणून, नाही का?"

नोकरी गेलीच, असं पद्माकरने धरून टाकलं.

"माझ्या टाकीला त्या गाढवाने अगदी तळाशी लावलाय," दिनकररावांनी आवाज आणखी खाली आणला. "प्रत्येक बाटलीत गाळ. तुमचा वेल्डर कुठला?"

पद्माकरने खांबामागून डोकावून नीरा कुठे आहे ते पाहिलं. "डभोईचा. पण काम धर्माचं लागतं त्याला."

"कोजागिरी तर तुम्ही वापरलीत." दिनकरराव विचारात पडले. "मी तुळशीच्या लग्नाचं सांगतो."

"सांगा," पद्माकर टाकीकडे बघत म्हणाला, "पण आणायला स्वतः जा."